श्वासावरची नजर : क्लोरोफॉर्मच्या वादापासून दुर्बीण तपासणीतल्या गुंगीपर्यंत

नरखेड तालुक्याच्या पश्चिम कडेने वाहणारी वर्धा नदी आज नागपूर आणि अमरावती या दोन जिल्ह्यांची हद्द आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती याहून मोठी हद्द होती. नदीच्या अलीकडचा मोवाड, नरखेड, जलालखेड्याचा मुलूख नागपूरकर भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाल्यावर इंग्रजांकडे गेला आणि १८६१ पासून मध्य प्रांतात मोडू लागला, तर पलीकडचे वरूड वऱ्हाडात असल्यामुळे १८५३ च्या तहापासून तेथे कारभार इंग्रजांचा आणि मालकी हैदराबादच्या निजामाची, अशी दुहेरी व्यवस्था चालू होती. पलीकडच्या काठाची मालकी ज्या निजामाच्या नावाने सांगितली जाई, त्याच्याच राजधानीत १८८८ आणि १८८९ या दोन वर्षांत वैद्यकाच्या इतिहासातला एक विलक्षण वाद लढला गेला. भूल दिलेला माणूस दगावतो तेव्हा आधी काय थांबते, श्वास की हृदय, आणि म्हणून भूल देणाऱ्याने नजर कशावर ठेवावी, हा त्या वादाचा गाभा होता. तालुक्यातला एखादा रुग्ण आज नागपुरात जाऊन पोटाची दुर्बीण तपासणी करून घेतो, तेव्हा त्याला दिल्या जाणाऱ्या गुंगीच्या सुरक्षिततेचा प्रश्न मुळात हाच आहे. औषधे बदलली, यंत्रे आली, पण नजर कशावर आणि कोणाची, हे ठरवायला शंभराहून अधिक वर्षे लागली.

दुर्बीण तपासणी म्हणजे एंडोस्कोपी : तोंडावाटे किंवा गुदद्वारातून लवचीक नळी आत सारून अन्ननलिका, जठर, आतडे किंवा पित्तनलिकेचे तोंड प्रत्यक्ष पाहण्याची रीत. गुंगी आणि पूर्ण भूल यांत बोलताना फरक केला जात नाही, पण वैद्यकात तो फार महत्त्वाचा आहे. गुंगीत रुग्ण पेंगतो, त्याची भीती ओसरते, पुढे त्याला त्यातले फारसे आठवतही नाही, मात्र नावाने हाक मारली की तो डोळे उघडतो आणि श्वास स्वतःच घेतो. पूर्ण भुलीत हाकेला किंवा चिमट्याला उत्तर येत नाही आणि श्वासाची काळजी बहुधा दुसऱ्याला वाहावी लागते. या दोन अवस्थांच्या मध्ये भिंत नाही, उतार आहे. थोडे औषध अधिक झाले, रुग्ण वयस्क निघाला किंवा त्याचे यकृत थकलेले असले, की हलक्या गुंगीतला माणूस कोणाच्या लक्षात येण्यापूर्वी त्या उतारावरून खाली घसरतो, आणि सुरक्षिततेचा सारा इतिहास या घसरणीभोवती फिरतो.

वेदनेशिवाय शस्त्रक्रियेचे युग हिंदुस्थानात फार लवकर आले. अमेरिकेत ऑक्टोबर १८४६ मध्ये ईथरचे जाहीर प्रात्यक्षिक झाले आणि २२ मार्च १८४७ रोजी कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात ईथर देऊन शस्त्रक्रिया झाली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात एडिंबरोच्या जेम्स सिम्पसन यांनी क्लोरोफॉर्म वापरात आणला. ईथर उष्ण हवेत झपाट्याने उडून जाते आणि पेटही घेते. क्लोरोफॉर्म पेटत नाही, थोडक्या मात्रेत काम करतो आणि नेण्याआणण्यास सोपा असतो, त्यामुळे पुढची पाऊणशे वर्षे हिंदुस्थानातील बहुतेक रुग्णालयांत त्याचेच राज्य राहिले. परंतु त्याच्या आगमनानंतर तीन महिन्यांच्या आतच, २८ जानेवारी १८४८ रोजी, इंग्लंडमध्ये न्यूकॅसलजवळच्या एका गावात हॅना ग्रीनर ही १५ वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचे नख काढताना क्लोरोफॉर्मने दगावली. शस्त्रक्रिया नगण्य होती, रोग प्राणघातक नव्हता, आणि म्हणूनच मृत्यू जास्त अंगावर आला. क्षुल्लक कामासाठी दिलेली झोप प्राणावर बेतणे, हा या इतिहासात पुन्हा पुन्हा येणारा प्रसंग आहे. दुर्बीण तपासणीच्या काळात तो वेगळ्या औषधाच्या नावाने परत आला.

अशा मृत्यूत आधी काय थांबते यावर दोन पंथ पडले. लंडनच्या पंथाचे म्हणणे जॉन स्नो यांच्या कामावर उभे होते. कॉलऱ्याचा फैलाव पाण्यातून होतो हे दाखवणारे हेच स्नो भूलशास्त्राचेही पहिले खरे अभ्यासक. क्लोरोफॉर्मची वाफ अधिक दाट झाली तर हृदय एकाएकी थांबू शकते, असा त्यांचा निष्कर्ष होता आणि त्यावरून नाडीवर बोट ठेवण्याची शिस्त रूढ झाली. एडिंबरोचा पंथ याच्या उलट. तेथील शल्यविशारद जेम्स साइम यांची शिकवण अशी की नाडीकडे पाहूच नये. छाती नीट वरखाली होते का आणि घशात घरघर आहे का एवढेच पाहावे, कारण श्वास बिघडला की नाडी बिघडते, पण तोवर उशीर झालेला असतो. साइम यांचा एक शिष्य एडवर्ड लॉरी १८८० च्या दशकात हैदराबादला रेसिडेन्सी सर्जन आणि तेथील मेडिकल स्कूलचा प्रमुख म्हणून आला आणि गुरूची शिकवण त्याने जवळजवळ धर्माज्ञेसारखी राबवली. त्याच्या हाताखाली अफजलगंज रुग्णालयात हजारो रुग्णांना क्लोरोफॉर्म दिला गेला.

लंडनच्या वैद्यकीय वर्तुळाने हे दावे हसण्यावारी नेले, तेव्हा लॉरीने सहावे निजाम महबूब अली खान यांच्याकडून पैसा मिळवून प्रयोगांसाठी आयोग बसवला. १८८८ मधील पहिल्या आयोगाने कुत्र्यांवर प्रयोग करून क्लोरोफॉर्मने नेहमी श्वास आधी थांबतो असा निकाल दिला. ‘लॅन्सेट’ या लंडनच्या नियतकालिकाला तो पटला नाही. मग निजामाने एक हजार पौंड देऊ केले आणि ‘लॅन्सेट’ने प्रसिद्ध औषधशास्त्रज्ञ लॉडर ब्रंटन यांना स्वतःचा प्रतिनिधी म्हणून हैदराबादला धाडले. ब्रंटन जहाजात बसले तेव्हा ते हृदयपंथाचे होते. १८८९ च्या अखेरीस, या दुसऱ्या आयोगाच्या चारशेहून अधिक प्राण्यांवरील प्रयोगांनंतर, त्यांनी लंडनला तार केली ती श्वासपंथाच्या बाजूने. एखाद्या संस्थानिकाच्या खजिन्यातून वैद्यकीय प्रयोगाचा खर्च भागवला जातो आणि लंडनच्या नियतकालिकाचा प्रतिनिधी तेथे येऊन स्वतःचे मत फिरवतो, ही घटना त्या काळाच्या सत्तासंबंधांत अपवादच म्हणावी लागेल. याच हैदराबादी शाळेत रूपाबाई फर्दुनजी ही पारशी तरुणी शिकली, दुसऱ्या आयोगाच्या कामात सहभागी झाली आणि पुढे अनेक वर्षे क्लोरोफॉर्म देण्याचे काम करत राहिली. जगातील पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञ म्हणून त्यांचा उल्लेख होतो. मराठी वाचकांना हे नाव आनंदीबाई जोशी किंवा रखमाबाई यांच्याइतके ओळखीचे नाही.

वादाचा शेवट मात्र लॉरीच्या विजयाने झाला नाही. १९११ च्या सुमारास लंडनच्या गुडमन लेव्ही यांनी मांजरांवर प्रयोग करून दाखवले की हलक्या क्लोरोफॉर्मखाली, भीतीने किंवा वेदनेने शरीरात अॅड्रेनालिन उसळले असता, हृदयाचे कप्पे आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरू लागतात आणि रक्त पुढे ढकलले जात नाही. हॅना ग्रीनरसारखे एकाएकी झालेले मृत्यू यातून उलगडले. हृदय आधी थांबू शकते हे लंडनचे म्हणणे खरे ठरले. तरीही हैदराबादचा नियम खोटा ठरला नाही : खोल गुंगीत जाणारा बहुतेक माणूस आधी श्वासाच्या वाटेनेच संकटात सापडतो, आणि ते पाहणाऱ्याला वेळीच दिसते. सिद्धान्तात अर्धवट असलेला नियम व्यवहारात जास्त प्राण वाचवू शकतो, याचे यापेक्षा चांगले उदाहरण सापडणे कठीण.

या काळातल्या जिल्हा आणि तहसील पातळीवरच्या दवाखान्यांत क्लोरोफॉर्म देण्याची साधने अगदी साधी होती : तारेच्या सांगाड्यावर फडके ताणलेला मुखवटा आणि थेंब सोडणारी बाटली. शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर एकटा असे आणि बाटली बहुधा कंपाउंडरच्या किंवा कनिष्ठ सहायकाच्या हाती जाई. नागपुरात मेयो रुग्णालयाला जोडलेले रॉबर्टसन मेडिकल स्कूल १९१४ मध्ये सुरू झाले आणि मध्य प्रांतात काम करणाऱ्या डॉक्टरांच्या अनेक पिढ्या तेथून बाहेर पडल्या. पण भूल हा स्वतंत्र व्यवसाय असावा ही कल्पना त्या वेळी रुजलेली नव्हती. १२ जानेवारी १९२४ च्या रात्री पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी महात्मा गांधींचे आंत्रपुच्छ काढले, तेव्हा वादळात वीज गेली आणि कंदिलाच्या उजेडात शस्त्रक्रिया पुरी करावी लागली, ही हकीकत महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे. उजेड जाऊनही काम तडीस गेले ते शल्यविशारदाला भुलीकडे लक्ष द्यावे लागत नव्हते म्हणून. कात्री एकाच्या हातात आणि श्वास दुसऱ्याच्या नजरेत, ही वाटणी मोठ्या रुग्णालयात तेव्हा झालेली होती. तिला पदविकेची मान्यता मिळायला आणखी दोन दशके गेली. मुंबई विद्यापीठाने १९४६ मध्ये भूलशास्त्राची पदविका सुरू केली, १९४७ च्या अखेरीस मुंबईतच भारतीय भूलतज्ज्ञांची संघटना स्थापन झाली आणि त्याच वर्षी नागपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय उघडले, ज्याला सारा विदर्भ नुसते ‘मेडिकल’ म्हणतो.

दुर्बिणीचा इतिहास याला समांतर चालला आणि बराच काळ त्याला भुलीची गाठ पडलीच नाही. १८६८ मध्ये जर्मनीतील फ्रायबर्ग येथे अडोल्फ कुसमाउल यांनी जिवंत माणसाच्या जठरात सरळ धातूची नळी घातली, तेव्हा त्यांनी निवडलेला माणूस तलवार गिळून दाखवणारा खेळवाला होता. घसा ताठ नळीला न ठसकता वाट देईल असा दुसरा माणूस त्यांना मिळण्यासारखा नव्हता. नळी ४७ सेंटिमीटर लांब होती. जठर गाठले गेले, पण उजेड अपुरा पडल्याने दिसले फार थोडे. १९३२ मध्ये रुडॉल्फ शिंडलर यांनी टोकाकडून काहीशी वाकणारी दुर्बीण बनवून घेतली आणि जठराचे दर्शन हे नेहमीचे काम बनवले. शिंडलर यांच्या तपासणीत त्यांची पत्नी गाब्रिएले रुग्णाचे डोके धरून बसत असे. नळीच्या कलाप्रमाणे मान वळवणे, रुग्णाला धीर देणे, तो काळवंडतो का हे पाहणे, एवढे सारे त्या डोके धरणाऱ्या माणसाच्या वाट्याला येई, आणि इतिहासकारांनी नळीच्या रचनेवर पानेच्या पाने लिहिताना या कामाकडे दुर्लक्ष केले.

नळी पूर्णपणे वाकणारी होण्यास प्रकाशाला वळवावे लागले. २ जानेवारी १९५४ च्या ‘नेचर’मध्ये लंडनच्या हॅरल्ड हॉपकिन्स आणि पंजाबातून तेथे गेलेले त्यांचे विद्यार्थी नरिंदरसिंग कपानी यांनी केसासारख्या बारीक काचतंतूंच्या जुडग्यातून चित्र वाहून नेता येते हे दाखवले. बेसिल हिर्शोविट्झ या तरुण डॉक्टरने तो लेख वाचला, आणि अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात लॅरी कर्टिस यांनी प्रत्येक तंतूवर दुसऱ्या प्रकारच्या काचेचे वेष्टन चढवल्यावर प्रकाश वाटेत गळणे थांबले. १९५७ च्या फेब्रुवारीत हिर्शोविट्झ यांनी पहिली नळी स्वतःच गिळली आणि मग रुग्णाच्या जठरात घातली. पुढच्या दोन दशकांत या नळ्यांनी मोठ्या आतड्याची आणि पित्तनलिकेचीही वाट धरली, १९८३ मध्ये टोकाला इवलासा कॅमेरा बसला, आणि तपासणी शस्त्रक्रियागृहातून बाहेर पडून साध्या खोलीत आली. येथेच मेख होती. शस्त्रक्रियागृहात भूलतज्ज्ञ असतो. तपासणीच्या खोलीत तो नसतो.

घसा बधिर करण्याचे काम १९४० च्या दशकात स्वीडनमध्ये तयार झालेल्या लिग्नोकेनने सोपे केले, आणि आजही आपल्याकडे जठराची साधी तपासणी बहुतेकदा केवळ लिग्नोकेनचा फवारा मारून, रुग्णाला शुद्धीवर ठेवून होते. ‘दुर्बीण टाकताना’ ओकारी येते, डोळ्यांतून पाणी येते, पण पाच-सात मिनिटांत काम संपते. सुरक्षिततेचा विचार केला तर ही रीत मुळीच मागासलेली नाही. न दिलेल्या गुंगीचा धोका शून्य असतो, हे पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांपेक्षा विदर्भातल्या गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागांनी अधिक चांगले ओळखले आहे. मोठ्या आतड्याची तपासणी, रक्तस्राव थांबवणे, पित्तनलिकेतले खडे काढणे यांना मात्र वेळ लागतो, वेदना होतात आणि रुग्ण हलला तर आतड्याला छिद्र पडण्याची भीती असते. अशा कामांसाठी १९६० च्या दशकात डायझेपाम शिरेतून दिले जाऊ लागले आणि त्याच्या जोडीला पेथिडिनसारखे अफूवर्गीय वेदनाशामक. डायझेपाम पाण्यात विरघळत नसल्याने त्याचे द्रावण शिरेला जाळी आणि हात दिवसेंदिवस दुखत राही.

मिडाझोलाम हे नवे औषध त्यावर उपाय म्हणून आले आणि सुरक्षित गुंगीचा आधुनिक अध्याय त्याने घडवलेल्या अनर्थापासून सुरू झाला. १९७० च्या दशकात हॉफमन-ला रोश कंपनीने तयार केलेले हे औषध पाण्यात विरघळते, शीर जाळत नाही, लवकर उतरते आणि तपासणीची आठवण जवळजवळ पुसून टाकते. अमेरिकेत १९८५ च्या डिसेंबरात त्याला परवानगी मिळाली. ज्यांचा हात वर्षानुवर्षे डायझेपामवर बसला होता, त्या डॉक्टरांनी ते जवळपास त्याच अंदाजाने दिले, पण मिडाझोलाम तोलाला तोल डायझेपामच्या निदान दुप्पट जोरदार होते. शिवाय ते शिरेत गेल्याक्षणी पुरता परिणाम दाखवत नाही. दोन-तीन मिनिटे थांबावे लागते, आणि घाईच्या खोलीत ती मिनिटे फार लांब वाटतात. रुग्ण पेंगत नाही म्हणून आणखी थोडे दिले जाई आणि मग दोन्ही मात्रा एकदम अंगावर येत. खोली अंधारी, रुग्ण डाव्या कुशीवर, तोंडात नळी, सर्वांचे डोळे पडद्यावर. त्या अंधारात श्वास थांबला तरी जठर दिसतच राहते, आणि चित्र उत्तम दिसत असताना रुग्ण हातचा जात असतो. काही वर्षांतच या औषधाशी निगडित ऐंशीहून अधिक मृत्यूंची नोंद झाली. त्यांपैकी अनेक भूलतज्ज्ञ नसलेल्या ठिकाणी आणि अफूवर्गीय औषध सोबत दिलेले असताना घडले होते. औषधाच्या वेष्टनावर ठळक चौकटीतला इशारा आला : निरोगी प्रौढालाही सुरुवातीची मात्रा अडीच मिलिग्रॅमवर जाऊ देऊ नये, ती निदान दोन मिनिटांत सावकाश द्यावी, परिणाम पाहूनच पुढे जावे.

दोन औषधे एकत्र आल्यावर काय होते हे १९९० मध्ये बेली आणि सहकाऱ्यांनी १२ निरोगी स्वयंसेवकांवर मोजले. एकट्या मिडाझोलामने कोणाच्याही रक्तातला प्राणवायू धोक्याच्या पातळीपर्यंत उतरला नाही. एकट्या फेंटॅनिल या अफूवर्गीय औषधाने सहा जणांचा उतरला. दोन्ही एकत्र दिल्यावर बारापैकी अकरा जणांचा उतरला आणि सहा जणांनी श्वास घेणेच थांबवले. मिडाझोलाम माणसाला पेंगवते आणि फेंटॅनिल मेंदूच्या श्वासकेंद्राला कार्बन डायऑक्साइडच्या वाढीबद्दल बहिरे करते. पेंगलेल्या आणि बहिऱ्या मेंदूला श्वास घ्यायची आठवण कोणी द्यायची? या प्रश्नाचे व्यावहारिक उत्तर शंभर वर्षांपूर्वीच्या हैदराबादी विद्यार्थ्यालाही ठाऊक होते : शेजारी बसलेल्या माणसाने. हाक मारणे, खांदा हलवणे, जबडा पुढे उचलणे, एवढ्यानेही बहुतेक वेळा काम भागते, अट एवढीच की ते वेळीच व्हावे.

यंत्राची मदत जपानमधून आली. निहोन कोहदेन कंपनीतील ताकुओ आओयागी हृदयातून किती रक्त बाहेर पडते हे मोजण्यासाठी कानाच्या पाळीतून प्रकाश सोडत होते आणि नाडीच्या ठोक्याने त्या मोजमापात सतत खळबळ होत होती. ती घालवण्याची खटपट करताना १९७० च्या दशकात त्यांच्या लक्षात आले की हीच खळबळ रोहिणीतल्या रक्ताची खूण आहे, आणि लाल व अवरक्त अशा दोन प्रकाशांच्या शोषणाची तुलना केली तर त्या रक्तात किती प्राणवायू आहे हे टोचल्याशिवाय सांगता येते. त्यातून पल्स ऑक्सिमीटर जन्माला आला, जो कोविडच्या साथीत नरखेड-काटोलच्या घरोघरी पोहोचला. १९९१ मध्ये ब्रिटनच्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने पहिले नियम घातले : बोटावर ऑक्सिमीटर हवा, शिरेत सुई शेवटपर्यंत राहिली पाहिजे, प्राणवायू जवळ असला पाहिजे, आणि नळी घालणाऱ्याव्यतिरिक्त एक प्रशिक्षित व्यक्ती केवळ रुग्णाकडे पाहण्यासाठी नेमलेली असली पाहिजे. १९९५ मध्ये इंग्लंडच्या दोन विभागांतील १४,१४९ जठरतपासण्यांची पाहणी प्रसिद्ध झाली, तेव्हा ३० दिवसांतील मृत्यूचे प्रमाण दोन हजारांत एक आणि गुंतागुंतीचे दोनशेत एक निघाले. किरकोळ समजल्या जाणाऱ्या तपासणीसाठी हा आकडा मोठा होता आणि गुंगीचे औषध जास्त देणे व देखरेख कमी ठेवणे यांच्याकडे त्याने बोट दाखवले.

नियमांनी सवयी सहज मोडत नाहीत. २००४ ते २००८ या चार वर्षांत इंग्लंड-वेल्समध्ये मिडाझोलामच्या चुकीच्या मात्रेच्या ४९८ घटना नोंदल्या गेल्या. अखेर तेथील रुग्णसुरक्षा संस्थेने २००८ मध्ये औषधाच्या बाटलीलाच हात घातला : दर मिलिलिटरला पाच मिलिग्रॅमचे दाट द्रावण सामान्य वापरातून काढून एक मिलिग्रॅमचे पातळ द्रावण ठेवावे, म्हणजे पिचकारी चुकून पूर्ण रिकामी झाली तरी अनर्थ टळेल. डॉक्टरला उपदेश करण्यापेक्षा त्याच्या हातातले साधन बदलणे अधिक उपयोगी पडते, हे औषधनिर्मितीच्या आणि रुग्णालयांच्या व्यवस्थापकांना उशिरा का होईना कळले.

प्रोपोफॉल या दुधासारख्या पांढऱ्या औषधाने प्रश्न पुन्हा उघडा पाडला. इआन ग्लेन या पशुवैद्यकाने ब्रिटनमधील आयसीआय कंपनीत वर्षानुवर्षे चिकाटीने घडवलेले हे औषध १९८६ मध्ये बाजारात आले. काही सेकंदांत झोप येते, काही मिनिटांत माणूस ताजातवाना उठतो. मिडाझोलामला फ्लुमाझेनिल हा उतारा आहे, अफूवर्गीय औषधांना नॅलोक्सोन आहे, प्रोपोफॉलला उतारा नाही. हलकी गुंगी आणि श्वास थांबणे यांमधले अंतरही त्याच्या बाबतीत फारच कमी आहे. उताऱ्यांवरही पूर्ण विसंबता येत नाही, कारण फ्लुमाझेनिल मिडाझोलामच्या आधी संपते आणि घरी निघालेला रुग्ण वाटेत पुन्हा पेंगू लागतो. प्रोपोफॉल कोणी द्यावे यावर जगभर भूलतज्ज्ञ आणि पोटविकारतज्ज्ञ यांच्यात जो वाद चालला, त्यात विज्ञानाइतकाच व्यवसायाच्या हद्दीचा आणि फीचाही भाग होता हे मान्य केले पाहिजे. २०१४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये विनोदी कलाकार जोन रिव्हर्स प्रोपोफॉलखाली चाललेल्या घशाच्या आणि जठराच्या तपासणीत प्राणवायूविना राहून दगावल्या, तेव्हा तो वाद वैद्यकीय नियतकालिकांतून वर्तमानपत्रांत आला.

विदर्भात या प्रश्नाला दोन स्थानिक पदर आहेत आणि परदेशी नियमावल्यांत ते ठळकपणे सापडत नाहीत. पहिला खर्ऱ्याचा. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला खर्रा नागपूर जिल्ह्यात इतका रुळलेला आहे की त्याने कडक झालेली तोंडे दवाखान्यात रोज दिसतात. गालाच्या आतली त्वचा पांढरट आणि ताठ होत जाऊन जबडा उघडेनासा होतो. या विकाराला सबम्यूकस फायब्रोसिस हे नाव देण्याचे श्रेय मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशी यांना दिले जाते, ज्यांनी १९५३ मध्ये त्याचे वर्णन केले. ज्याचे तोंड दोन बोटांइतकेही उघडत नाही, त्याच्या दातांत नळीचे रक्षक कडे बसत नाही हा लहान प्रश्न. गुंगीत श्वास अडला तर श्वासनलिकेत नळी घालण्याची वाट बंद असते हा मोठा. म्हणून औषध भरण्याआधी ‘आ करा’ म्हणणे ही येथे नुसती औपचारिकता नव्हे, निर्णयाचा आधार आहे.

दुसरा पदर सिकलसेलचा. नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मध्य भारतातील या रक्तदोषाची नोंद केली आणि विदर्भ हा त्याचा मोठा पट्टा असल्याचे पुढे स्पष्ट होत गेले. या रोगात तांबड्या पेशी सतत तुटतात, त्यांच्या रंगद्रव्याचे खडे पित्ताशयात साचतात, ते पित्तनलिकेत उतरले की दुर्बिणीने काढावे लागतात आणि ते काम खोल गुंगीत, बराच वेळ चालते. गंमत अशी की, जर तिला गंमत म्हणता येत असेल तर, याच रुग्णाला प्राणवायूची कमतरता सर्वांत महागात पडते. प्राणवायू उतरला की त्याच्या पेशी कोयत्याच्या आकाराच्या होऊन बारीक रक्तवाहिन्या तुंबवतात. निरोगी माणूस ज्या मिनिटभराच्या घसरणीतून काहीच न होता बाहेर येतो, तीच याच्यासाठी हाडे-छातीच्या तीव्र वेदनांची सुरुवात ठरू शकते.

अंतर हा तिसरा पदर म्हणावा, पण तो वैद्यकाचा नाही, एसटीच्या वेळापत्रकाचा आहे. गुंगीत घशाची राखण सुटते आणि जठरातले अन्न फुप्फुसात जाऊ शकते, म्हणून सहा तास अन्न आणि दोन तास पाणीही वर्ज्य असते. बिनदुधाचा चहा पाण्यात मोजतात, दुधाचा मोजत नाहीत, आणि पहाटे काटोलमार्गे नागपूर गाठणाऱ्याला स्टँडवरचा एक कप नाकारणे किती अवघड असते हे वेगळे सांगायला नको. परतीचा नियमही तितकाच कडक : सोबत जाणते माणूस हवे, चोवीस तास गाडी चालवायची नाही, शेतातली मोटार सुरू करायची नाही. तालुक्याच्या पातळीवर भूलतज्ज्ञांचा तुटवडा जुना आहे. बाळंतपणातल्या तातडीच्या शस्त्रक्रियांसाठी सरकारने एमबीबीएस डॉक्टरांना १८ आठवड्यांचे भुलीचे प्रशिक्षण देण्याची योजना आखली ती याच कारणाने. दुर्बिणीची गुंगी त्या योजनेत बसत नाही, म्हणून संत्र्यांच्या गाड्यांसारखेच रुग्णही नागपूरच्या रस्त्याला लागतात.

ऑक्सिमीटरची एक मर्यादा या सगळ्यात फार उशिरा मान्य झाली. तो रक्तातला प्राणवायू दाखवतो, श्वास दाखवत नाही. नाकाला प्राणवायूची नळी लावलेल्या रुग्णाचा श्वास थांबला तरी साठ्याच्या जोरावर आकडा काही मिनिटे नव्याण्णववरच राहतो आणि मग एकदम कोसळतो. बाहेर पडणाऱ्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजून प्रत्येक उच्छ्वासाची लाट पडद्यावर काढणारे कॅपनोग्राफ हे यंत्र श्वास थांबल्याच्या पहिल्या काही सेकंदांत लाट सपाट करून दाखवते. अमेरिकी भूलतज्ज्ञांच्या संघटनेने २०११ पासून मध्यम आणि खोल गुंगीत ते आवश्यक ठरवले. ब्रंटन यांच्या तारेला तोवर १२२ वर्षे झाली होती. हे यंत्र महाग आहे आणि लहान शहरांतल्या अनेक तपासणीखोल्यांत ते अजून पोहोचलेले नाही. तेथे परिचारिका डाव्या कुशीवर झोपलेल्या रुग्णाच्या डोक्याशी उभी राहते, एका हाताने त्याची हनुवटी किंचित वर धरते आणि दुसऱ्या हाताचा तळवा त्याच्या छातीवर ठेवून मनातल्या मनात श्वास मोजत राहते.